लिनक्स वितरणातील बंदिस्त डाउनलोड मॅनेजरचे पॅकेजिंग : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :

नागपूर शहरातील लकडगंज या भागाच्या नावातच लाकूड आहे. सागवान, आरा यंत्रे व लाकडाचे व्यापारी यांच्यामुळे या भागाची ओळख घडली. लाकडाच्या व्यापारात मालाच्या प्रतीइतकाच त्याच्या उगमाचा प्रश्न महत्त्वाचा मानला जातो. वनविभागाच्या आगारातून बाहेर पडणाऱ्या ओंडक्यावर हातोड्याचा ठसा असतो आणि त्यासोबत वाहतूक परवाना असतो. भारतीय वन अधिनियम, १९२७ च्या कलम ४१ अन्वये वनोपजाच्या वाहतुकीचे नियम करण्याचा अधिकार राज्य शासनास देण्यात आला आहे. तर कलम ६३ अन्वये लाकडावरील खुणांची खोटी नक्कल करणे वा त्या खोडणे हा दंडनीय अपराध ठरविला आहे. ओंडका चिरला की ठसा नाहीसा होतो. त्यानंतर फळीचा उगम केवळ कागदपत्रांवरून सांगता येतो.

संगणकाच्या आज्ञावलीबाबत हाच प्रश्न वेगळ्या स्वरूपात उपस्थित होतो. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतील संगणकावर एखादी आज्ञावली बसविली जाते, तेव्हा ती कोणी तयार केली, कोणी बांधून दिली आणि वाटेत तिच्यात बदल झाला नाही याची हमी कोण देतो, हे प्रश्न सहसा विचारले जात नाहीत. लिनक्सच्या जगात या हमीची एक निश्चित व्यवस्था गेल्या तीन दशकांत उभी राहिली. त्या व्यवस्थेत बंदिस्त, म्हणजे जिची मूळ संहिता निर्मात्याने खुली केलेली नाही अशी आज्ञावली कोठे बसते, हा प्रस्तुत निबंधाचा विषय आहे. उदाहरण म्हणून ‘डाउनलोड मॅनेजर’ या साध्या, सर्वपरिचित साधनाची निवड केली आहे. जे साधन बाहेरून माल आणून देते, तेच साधन संगणकावर कोणत्या वाटेने आले, हे पाहणे उद्बोधक ठरेल असे वाटते.

अभ्यासाची उद्दिष्टे :

१) डाउनलोड मॅनेजर या साधनाची गरज कोणत्या परिस्थितीत निर्माण झाली याचा आढावा घेणे.
२) लिनक्स वितरणातील पॅकेज व भांडार या व्यवस्थेचा विकास समजून घेणे.
३) बंदिस्त आज्ञावली या व्यवस्थेत ज्या वाटांनी आली त्यांचे विवेचन करणे.
४) ‘फ्री डाउनलोड मॅनेजर’ या आज्ञावलीच्या उदाहरणावरून शैक्षणिक संस्थांसाठी काही निष्कर्ष काढणे.

अभ्यासपद्धती :

प्रस्तुत निबंधात वर्णनात्मक व ऐतिहासिक पद्धतीचा अवलंब केला असून तो प्रकाशित दुय्यम साधनांवर आधारलेला आहे.

डाउनलोड मॅनेजरची गरज :

भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगम या सरकारी कंपनीने सुरू केली. पुढे १९९८ मध्ये खासगी कंपन्यांनाही या क्षेत्रात प्रवेश मिळाला. तथापि सामान्य ग्राहकाची जोडणी दीर्घकाळ दूरध्वनीच्या तारेवरूनच होत असे. या जोडणीचा कमाल वेग सेकंदाला ५६ किलोबिट एवढा होता. लिनक्सच्या एका सीडीत सुमारे ६५० मेगाबाइट मजकूर मावतो. जोडणी एकदाही न तुटता कमाल वेगाने चालली असे गृहीत धरले, तरी एवढा मजकूर उतरवून घेण्यास जवळजवळ २६ तास लागतात. प्रत्यक्षात असा वेग मिळत नसे आणि जोडणी वारंवार तुटत असे. म्हणूनच त्या काळात संगणकविषयक मासिकांसोबत मिळणाऱ्या सीडी हेच लिनक्स मिळविण्याचे मुख्य साधन होते. उबुंटू या वितरणाने तर २००५ ते २०११ या काळात जगभर टपालाने मोफत सीडी पाठविल्या.

तुटलेली जोडणी पुन्हा जुळल्यावर फाइल पहिल्यापासून न आणता जेथे खंड पडला तेथून पुढे आणणे, ही डाउनलोड मॅनेजरची मूळ कामगिरी होय. यासाठी समोरच्या सर्व्हरनेही सहकार्य करावे लागते. जानेवारी १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एचटीटीपी १.१ या मानकात फाइलचा विशिष्ट भागच मागण्याची सोय करण्यात आली. याच सोयीमुळे एका फाइलचे अनेक तुकडे करून ते एकाच वेळी आणणे शक्य झाले. विंडोजवर ‘गेटराइट’, ‘फ्लॅशगेट’, ‘इंटरनेट डाउनलोड मॅनेजर’ अशी बंदिस्त साधने लोकप्रिय झाली. लिनक्सवर हेच काम करणारी मुक्त साधने आधीपासूनच होती. ‘डब्ल्यूगेट’ हे साधन १९९६ मध्ये आले. ‘कर्ल’ १९९८ मध्ये या नावाने प्रसिद्ध झाले. आणि एकाच वेळी अनेक ठिकाणांहून तुकडे आणणारे ‘एरिया-टू’ २००६ मध्ये उपलब्ध झाले. मात्र ही साधने मुख्यतः आज्ञा टाइप करून चालवावी लागतात. विंडोजवरून लिनक्सकडे वळलेल्या वापरकर्त्यास सवयीची खिडकी, सवयीची बटणे हवी असतात. बंदिस्त डाउनलोड मॅनेजर लिनक्सवर आणण्याची मागणी या सवयीतून निर्माण झाली.

वितरण, पॅकेज आणि भांडार :

लिनक्स हे मुळात कार्यकारी प्रणालीच्या गाभ्याचे नाव आहे. त्या गाभ्याभोवती हजारो आज्ञावल्या जुळवून वापरण्याजोगी प्रणाली तयार केली जाते, तिला वितरण असे म्हणतात. इयान मर्डॉक यांनी ऑगस्ट १९९३ मध्ये डेबियन या वितरणाची घोषणा केली. वितरणातील प्रत्येक आज्ञावली ‘पॅकेज’ या स्वरूपात बांधलेली असते. डेबियनच्या पॅकेजमध्ये दोन प्रमुख भाग असतात. एका भागात प्रत्यक्ष फाइली असतात. दुसऱ्या भागात आज्ञावलीचे नाव, आवृत्ती, ती अन्य कोणत्या पॅकेजांवर अवलंबून आहे याची यादी आणि बसविण्यापूर्वी व बसविल्यानंतर चालवावयाच्या सूचना असतात. या सूचना संगणकाच्या सर्वोच्च अधिकाराने चालतात, ही बाब येथे विशेष लक्षात घ्यावयास हवी. पॅकेज बसविणे म्हणजे केवळ फाइल ठेवणे नव्हे. पॅकेज बांधणाऱ्याच्या हाती काही क्षण घराच्या किल्ल्या देणे होय.

हा विश्वास कोणावर ठेवावयाचा, याचे डेबियनने दिलेले उत्तर संस्थात्मक होते. प्रत्येक पॅकेजला जबाबदार असा देखभालकर्ता असतो. तो मूळ संहिता घेतो, तिचा परवाना तपासतो, आवश्यक दुरुस्त्या करतो आणि पॅकेज मध्यवर्ती भांडारात दाखल करतो. एप्रिल २००७ मधील डेबियन ४.० या आवृत्तीपासून भांडाराच्या सूचीवरील अंकीय स्वाक्षरी तपासण्याची सोय पॅकेज बसविणाऱ्या साधनातच अंतर्भूत झाली. या सूचीत प्रत्येक पॅकेजची गणिती ओळखखूण नोंदविलेली असते. भांडारातून आलेल्या फाइलची खूण सूचीशी जुळली नाही, तर वापरकर्त्यास तसा इशारा मिळतो.

येथे एक सूक्ष्म परंतु निर्णायक भेद आहे. स्वाक्षरी भांडाराच्या सूचीवर असते; सुट्या पॅकेजवर ती सहसा नसते. त्यामुळे तेच ‘डेब’ पॅकेज एखाद्या संकेतस्थळावरून सुटे उतरवून घेतले, तर त्याच्या उगमाविषयी संगणकास काहीच सांगता येत नाही. चिरलेल्या फळीवर जसा ओंडक्याचा ठसा उरत नाही, तशीच ही स्थिती होय.

बंदिस्त आज्ञावलीच्या तीन वाटा :

जुलै १९९७ मध्ये डेबियनने आपला सामाजिक करार स्वीकारला. मुक्त आज्ञावली कोणती याचे निकष त्यातच नमूद करण्यात आले. त्या निकषांत बसणाऱ्या आज्ञावल्या ‘मेन’ या मुख्य भांडारात जातात. न बसणाऱ्यांसाठी ‘नॉन-फ्री’ हा स्वतंत्र विभाग ठेवण्यात आला आणि तो डेबियनचा भाग नाही, असे करारातच स्पष्ट केले गेले. स्वतः मुक्त असलेल्या, परंतु बाहेरील बंदिस्त घटकावर अवलंबून असणाऱ्या पॅकेजांसाठी ‘कॉन्ट्रिब’ हा विभाग निर्माण झाला. या चौकटीत बंदिस्त आज्ञावली लिनक्सवर येण्याच्या प्रामुख्याने तीन वाटा दिसून येतात.

पहिली वाट म्हणजे ‘नॉन-फ्री’ विभाग. यासाठी निर्मात्याने किमान पुनर्वितरणाची परवानगी दिलेली असावी लागते. देखभालकर्ता येथे तयार फाइल बांधून देऊ शकतो. पण मूळ संहिता हाती नसल्याने तिच्यातील दोष दुरुस्त करू शकत नाही.

दुसरी वाट अधिक लक्षणीय आहे. निर्मात्याने पुनर्वितरणाचीही परवानगी दिली नसेल, किंवा ती अटींनी बांधलेली असेल, तर पॅकेजमध्ये आज्ञावली ठेवताच येत नाही. अशा वेळी पॅकेजमध्ये केवळ एक सूचनासंच असतो. तो बसविताना निर्मात्याच्या वा अन्य संकेतस्थळावरून मूळ फाइल उतरवून घेतो, तिची ओळखखूण तपासतो आणि ती योग्य जागी ठेवतो. मायक्रोसॉफ्टचे संकेतस्थळांसाठीचे फॉन्ट आणि अडोबीचे फ्लॅश प्लगिन डेबियनमध्ये याच रीतीने पोहोचले. येथे पॅकेज स्वतःच एक छोटा डाउनलोड मॅनेजर बनते. आर्च लिनक्सच्या वापरकर्त्यांनी चालविलेल्या भांडारातही अशीच पद्धत आहे. तेथे पॅकेजऐवजी ते बांधण्याची कृती लिहून ठेवलेली असते. मूळ फाइल कोठून आणावी आणि तिची ओळखखूण कोणती, हे त्या कृतीत उघडपणे वाचता येते. कृती वाचूनच वापर करावा, अशी तेथे अपेक्षा असते. जुलै २०२५ मध्ये या भांडारात ब्राउझरच्या नावाने दाखल झालेल्या काही घातक कृती काढून टाकाव्या लागल्या, यावरून ती अपेक्षा किती महत्त्वाची आहे हे ध्यानात येते.

तिसरी वाट म्हणजे निर्मात्याने आपल्याच संकेतस्थळावर तयार पॅकेज ठेवणे. वापरकर्त्यास ही सर्वांत सोपी वाटते. वितरणाचा देखभालकर्ता येथे पूर्णपणे बाजूला राहतो. निर्माता बहुधा आपल्याला लागणारे साहाय्यक घटकही पॅकेजमध्येच भरून देतो. परिणामी वितरणाने त्या घटकांतील एखादा सुरक्षादोष दुरुस्त केला, तरी पॅकेजमधील प्रत जुनीच राहते.

फ्री डाउनलोड मॅनेजर : एक उदाहरण :

‘फ्री डाउनलोड मॅनेजर’ या आज्ञावलीचा प्रवास या दृष्टीने अभ्यसनीय आहे. इंग्रजीतील ‘फ्री’ या शब्दात ‘फुकट’ आणि ‘मुक्त’ हे दोन्ही अर्थ एकवटलेले आहेत. मराठीत हे दोन शब्द वेगळे असल्याने आपल्याला हा भेद सहज कळतो. २.५ ते ३.९.७ या आवृत्त्यांच्या काळात ही आज्ञावली दोन्ही अर्थांनी ‘फ्री’ होती. तिची संहिता जीएनयूच्या सार्वजनिक परवान्याखाली खुली होती. ५.० या आवृत्तीपासून मात्र संहिता देणे बंद झाले. आज्ञावली फुकट राहिली, मुक्त राहिली नाही. लिनक्ससाठीचे तिचे ‘डेब’ पॅकेज निर्मात्याच्या संकेतस्थळावरून, म्हणजे उपरोक्त तिसऱ्या वाटेने दिले जाऊ लागले.

सप्टेंबर २०२३ मध्ये कॅस्परस्की या सुरक्षा कंपनीच्या संशोधकांनी याविषयी एक अहवाल प्रसिद्ध केला. त्यानुसार २०२० ते २०२२ या काळात या आज्ञावलीच्या अधिकृत संकेतस्थळावरून लिनक्स पॅकेज घेऊ पाहणाऱ्या काही वापरकर्त्यांना नकळत दुसऱ्याच संकेतस्थळाकडे वळविले जात होते. तेथील पॅकेजमध्ये डाउनलोड मॅनेजर होताच. परंतु बसविल्यानंतर चालणाऱ्या सूचनांमध्ये घातक भाग घुसविलेला होता. त्या सूचना दोन फाइली संगणकावर ठेवत आणि दर दहा मिनिटांनी त्यांपैकी एक आपोआप चालावी अशी नोंद करून ठेवत. या मार्गाने प्रणालीची माहिती, ब्राउझरचा इतिहास, साठविलेली संकेतशब्दे, आभासी चलनाच्या पाकिटांच्या फाइली आणि क्लाउड सेवांची प्रवेशपत्रे बाहेर पाठविली जात. घातक पॅकेजवरील तारीख २४ जानेवारी २०२० ही होती.

निर्मात्यांनी दिलेल्या खुलाशानुसार एका युक्रेनी हॅकर गटाने संकेतस्थळाच्या एका पानात शिरकाव केला होता. गुगल, बिंग यांसारख्या शोधयंत्रांच्या पत्त्यांना मूळ पॅकेजच मिळावे अशी त्यात तजवीज केलेली होती. संकेतस्थळास भेट देणाऱ्यांपैकी ०.१ टक्क्याहून कमी लोकांना याची झळ पोहोचली असावी, असा त्यांचा अंदाज होता. २०२२ मधील एका नेहमीच्या सुधारणेत ती त्रुटी अजाणताच दूर झाली.

या प्रकरणातील सर्वांत विचार करावयास लावणारी गोष्ट अशी की लक्षणे उघड होती. या वर्षांत अनेक वापरकर्त्यांनी आपल्या संगणकावरील अनोळखी फाइली व नोंदींविषयी सार्वजनिक चर्चांमधून विचारणा केली होती. काहींनी त्या नोंदी दुरुस्तही करून घेतल्या. परंतु डाउनलोड मॅनेजरचे पॅकेज हेच त्यांचे मूळ आहे, हा संबंध तीन वर्षांहून अधिक काळ कोणी जोडला नाही. यास वापरकर्त्यांचे अज्ञान एवढेच कारण सांगणे अन्यायाचे होईल. तिसऱ्या वाटेवर तक्रार नोंदविण्याची सामायिक जागा नव्हती, जबाबदार देखभालकर्ता नव्हता आणि ज्याच्याशी ताडून पाहावे अशी खुली संहिताही नव्हती. तक्रारी होत्या, पण त्या एकत्र येण्यास जागा नव्हती. दुसऱ्या वाटेवर, म्हणजे ओळखखूण आधीच नोंदविलेल्या कृतीच्या आधारे हीच फाइल घेतली असती, तर खूण न जुळल्याने काम तेथेच थांबण्याची शक्यता होती. वाटेवरील चौकी मालाची प्रत सुधारत नाही. पण बदललेला माल तिच्या नजरेस पडू शकतो.

भांडाराच्या मर्यादा :

याचा अर्थ वितरणाचे भांडार निर्दोष असते असा नव्हे. सप्टेंबर २००६ मध्ये डेबियनच्या ‘ओपनएसएसएल’ या पॅकेजमध्ये केलेल्या एका बदलामुळे गुप्त कळा तयार करण्याची प्रक्रिया दुबळी झाली आणि हा दोष मे २००८ मध्ये जाहीर झाला. तो मूळ लेखकांच्या संहितेत नव्हता; वितरणाच्या पॅकेजमध्ये केलेल्या बदलातून आला होता. मार्च २०२४ मध्ये ‘एक्सझेड’ या मुक्त आज्ञावलीच्या ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांत हेतुपुरस्सर पेरलेला चोरदरवाजा उघडकीस आला. तो डेबियनच्या विकासाधीन आवृत्तीपर्यंत पोहोचला होता. स्थिर आवृत्तीत मात्र शिरला नव्हता. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्यास दूरस्थ प्रवेशास लागणारा किंचित जास्त वेळ खटकला आणि त्यांनी संहितेचा माग काढला.

दोन्ही प्रसंगी चूक कोणत्या दिवशी, कोणत्या बदलातून झाली हे नंतर कोणासही तपासता आले. मुक्त भांडाराचे खरे बळ चुका न होण्यात नसून झालेल्या चुकीचा माग काढता येण्यात आहे. बंदिस्त पॅकेजबाबत आपल्याला निर्मात्याच्या खुलाशावर विसंबावे लागते.

महाराष्ट्रातील शैक्षणिक संदर्भ :

पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅक या संस्थेने विकसित केलेली ‘बॉस’ ही भारतीय लिनक्स प्रणाली डेबियनवर आधारलेली आहे. तिची उभारणी याच भांडार-व्यवस्थेवर झाली आहे. २०१५ मध्ये भारत सरकारने शासकीय कामकाजात मुक्तस्रोत आज्ञावली स्वीकारण्याविषयीचे धोरण जाहीर केले. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पाने लिनक्सचे पाठ मराठीसह अनेक भारतीय भाषांत उपलब्ध करून दिले असून पॅकेज बसविण्याच्या ‘सिनॅप्टिक’ या साधनावरील पाठाचाही त्यांत समावेश आहे. म्हणजेच धोरण, प्रणाली आणि शिक्षण-साहित्य ही तिन्ही अंगे उपलब्ध आहेत.

तरीही महाविद्यालयीन प्रयोगशाळेत मुक्त प्रणालीवर बंदिस्त साधन बसविण्याचा मोह होतो, आणि तो बहुधा सोयीपोटी असतो. त्याचे परिणाम एका संगणकापुरते राहत नाहीत. विद्यार्थ्यांचे संकेतशब्द, परीक्षाविषयक कागदपत्रे, संशोधनाची सामग्री एकाच जाळ्यात जोडलेली असते. फुकट मिळालेल्या एका साधनासाठी त्या सर्वांच्या किल्ल्या कोणाच्या हाती जातात, हा प्रश्न म्हणूनच तांत्रिक विभागापुरता मर्यादित राहू शकत नाही.

निष्कर्ष व शिफारसी :

वरील विवेचनावरून असे म्हणता येईल की डाउनलोड मॅनेजरच्या पॅकेजिंगचा इतिहास हा मुख्यतः हमी कोण देतो याचा इतिहास आहे. डेबियनने मुक्त व बंदिस्त यांच्यात आखलेली रेषा तत्त्वनिष्ठेपोटी आखली गेली असे सामान्यतः मानले जाते. तथापि तिची व्यावहारिक बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. ज्याची संहिता पाहता येत नाही आणि जे दुरुस्त करता येत नाही, त्याची हमी देण्यास देखभालकर्त्याने नकार देणे हा प्रामाणिकपणाच होय.

शैक्षणिक संस्थांच्या दृष्टीने पुढील शिफारसी कराव्याशा वाटतात.

१) प्रयोगशाळेत आज्ञावली बसविताना वितरणाच्या मुख्य भांडारास प्रथम प्राधान्य द्यावे. डाउनलोड मॅनेजरची गरज ‘एरिया-टू’, ‘यूगेट’ अशा मुक्त साधनांनी भागते का, हे आधी पाहावे.
२) बंदिस्त आज्ञावली अपरिहार्य असल्यास ती कोठून, केव्हा व कोणत्या आवृत्तीची घेतली याची नोंदवही ठेवावी आणि फाइलची ओळखखूण स्वतंत्र ठिकाणाहून पडताळावी. ज्या संकेतस्थळावर फाइल आहे त्याच संकेतस्थळावरील खुणेवर विसंबणे पुरेसे नाही. कारण फाइल बदलणारा खूणही बदलू शकतो.
३) सुटे पॅकेज बसविण्यापूर्वी त्यातील सूचना उघडून वाचण्याचा सराव संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांना द्यावा. एक पॅकेज स्वतः बांधून पाहणे हा त्यासाठीचा उत्तम पाठ ठरेल.
४) संगणकावर अनोळखी नोंद आढळल्यास ती केवळ पुसून न टाकता तिचा उगम शोधण्याची व तो नोंदविण्याची शिस्त असावी.

लाकडाच्या व्यापारात ठसा व परवाना यांवाचून माल घेणारा स्वस्तात घेतो, पण चौकशीच्या दिवशी त्याच्यापाशी दाखविण्यासारखे काही नसते. संगणकाच्या बाबतीत चौकशीचा दिवस सांगून येत नाही. म्हणून नोंद आधीच ठेवणे श्रेयस्कर.